स्पोर्टिंग लिस्बन आणि युरोप : सारा इतिहास एका कॉर्नरवर उभा आहे का?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गोव्यात ‘स्पोर्टिंग’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नारिंगी जर्सीतला, १९९९ साली स्थापन झालेला स्पोर्टिंग क्लब दि गोवा उभा राहतो. मला मात्र आज हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, लिस्बनच्या मूळ स्पोर्टिंगविषयी लिहायचे आहे. जुझे आल्वालाद यांनी १ जुलै १९०६ रोजी हा क्लब स्थापन केला, तेव्हा युरोपातील मोठ्यांत मोठ्या क्लबांइतका तो मोठा व्हावा, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. त्या काळी युरोपात क्लबांची कोणतीच स्पर्धा नव्हती, हे लक्षात घेतले की त्या इच्छेचे मोल कळते.

आज हिशेब मांडायचा झाला, तर पोर्तुगालच्या इतर दोन मोठ्या क्लबांपैकी बेन्फिकाकडे दोन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) आहेत, पोर्तोकडे दोन युरोपियन कप आणि यूएफाचे, म्हणजे युरोपीय फुटबॉल संघटनेचे, दोन यूएफा/युरोपा करंडक आहेत, आणि स्पोर्टिंगकडे १९६४ चा एकच कप विनर्स कप आहे. तोही जुआंव मोराइस याने कॉर्नरवरून थेट जाळ्यात घातलेल्या एकाच गोलाने मिळालेला. ती स्पर्धासुद्धा १९९९ मध्ये बंद झाली. त्यामुळे नव्या पिढीला त्या करंडकाचे नावही ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझे चुलत आजोबा पोर्तुगीज राजवटीत नोकरीसाठी लोरेन्सु मार्किशला, म्हणजे मोझांबिकमधल्या आजच्या मापुटोला गेले होते. त्या शहरातला इलारियो स्पोर्टिंगचा डावा बचावपटू झाला, याचा त्यांना घरच्या मुलासारखा अभिमान होता. तोच इलारियो पाय मोडल्यामुळे १९६४ चा अंतिम सामना खेळू शकला नाही, हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज जड होत असे. या घरच्या आठवणीतून माझा प्रश्न आला आहे. १९६४ चे यश हा योगायोग होता की त्या संघाची खरी लायकी होती? आणि लायकी होती, तर पुढच्या साठ वर्षांत दुसरा करंडक का आला नाही?

अंकगणित

प्रश्न चांगला आहे, पण मी थोडे कठोर मत मांडतो. कप विनर्स कप ही देशोदेशीच्या कपविजेत्यांची स्पर्धा होती आणि त्यात ताकदीचे संघ मोजकेच असत. १३ नोव्हेंबर १९६३ रोजी स्पोर्टिंगने सायप्रसच्या अपोएलला १६-१ असे हरवले, त्यात मास्कारेन्यस याने एकट्याने सहा गोल केले. यूएफाच्या क्लब स्पर्धांत एका सामन्यातला तो आजही विक्रम आहे. परंतु ज्या स्पर्धेत एक संघ सोळा गोल करू शकतो, तिची पातळी युरोपियन कपइतकी मानता येत नाही. एरवी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर होणारा परतीचा सामनाही लिस्बनमध्येच झाला, ही बाबही विसरू नये.

शाहूनगरी

अंकगणित, एका दुबळ्या प्रतिस्पर्ध्यावरून सगळी स्पर्धा तोलणे मला पटत नाही. अपोएलनंतर समोर कोण आले, ते पाहावे. मँचेस्टर युनायटेडने आदल्या फेरीत त्या स्पर्धेचा गतविजेता टॉटनहॅम हॉटस्पर बाहेर काढला होता, आणि त्या संघात डेनिस लॉ व बॉबी चार्ल्टन होते. ओल्ड ट्रॅफर्डवर स्पोर्टिंग ४-१ असे हरले आणि लॉने तीन गोल केले. तीन गोलांची पिछाडी घेऊन लिस्बनला परतलेल्या संघाने १८ मार्च १९६४ रोजी तोच युनायटेड ५-० असा लोळवला. ऑस्वाल्दो सिल्वाने तीन गोल केले, आणि उरलेल्या दोन गोलांतला एक आपल्या मोराइसचा होता.

आम्ही कोल्हापूरची माणसे पेठांच्या आणि तालमींच्या सामन्यांवर वाढलो. शाहू स्टेडियमवर पिछाडीवर पडलेला संघ उसळून येतो तेव्हा गॅलरीत काय होते, ते आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. म्हणून सांगतो, मॅट बझबी प्रशिक्षक असलेल्या युनायटेडला पाच गोल घालणे आणि स्वतः एकही न खाणे हा योगायोग असू शकत नाही.

जुना_प्रेक्षक

शाहूनगरींच्या म्हणण्याला मी जोड देतो. त्या हंगामाचा मार्ग नीट पाहिला, तर किती दमछाक करणारी ती वाटचाल होती हे कळते. पहिल्या फेरीत अटलांटाकडून इटलीत ०-२ अशी हार झाली, लिस्बनमध्ये ३-१ असा विजय मिळाला आणि मग तिसरा, निर्णायक सामना बार्सिलोनात झाला, जो स्पोर्टिंगने जादा वेळेत ३-१ असा जिंकला. उपांत्य फेरीत ल्योंबरोबर ०-० आणि १-१ अशी बरोबरी झाली, म्हणून पुन्हा तिसरा सामना माद्रिदला खेळावा लागला आणि तो १-० असा सुटला. त्या वेळी बरोबरी झाल्यास परक्या मैदानावरील गोल दुप्पट धरण्याचा नियम आलेला नव्हता, त्यामुळे बरोबरी म्हणजे आणखी एक प्रवास आणि आणखी एक सामना असे साधे गणित होते. अंतिम सामनाही दोनदा खेळला गेल्यामुळे स्पोर्टिंगने हा करंडक बारा सामने खेळून मिळवला. त्या बारा सामन्यांत त्यांनी ३६ गोल केले, आणि अपोएलचे अठरा वजा केले तरी अठरा उरतात.

प्रशिक्षकाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. हंगाम सुरू असतानाच संघाची सूत्रे जेंटिल कार्दोझू यांच्याकडून आन्सेल्मो फर्नांदेझ यांच्याकडे आली. हे गृहस्थ पेशाने वास्तुविशारद होते, आणि १९५६ साली उभ्या राहिलेल्या आल्वालाद मैदानाच्या आराखड्यात त्यांचा वाटा होता. ज्याने मैदान कागदावर आखले, त्याच माणसाने पुढे क्लबला त्याचा एकमेव युरोपीय करंडक मिळवून दिला. मला तरी फुटबॉलच्या इतिहासात याला दुसरी तोड आठवत नाही.

निळा_ड्रॅगन

मी पोर्तोचा चाहता असूनही हे मान्य करतो की कप विनर्स कप जिंकणारा पोर्तुगालचा एकमेव क्लब स्पोर्टिंगच आहे. आम्ही १९८४ मध्ये बाझेलला अंतिम सामन्यात युव्हेंटसकडून २-१ असे हरलो. हा करंडक हलका असता, तर आम्हाला तो हरल्याचे इतके दुःख झाले नसते.

तेजूकाठची

मी गेली नऊ वर्षे लिस्बनमध्ये राहते आणि आमचे घर कांपु ग्रांद मेट्रो स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. सामन्याच्या दिवशी हिरवे मफलर घातलेली माणसे त्या स्थानकाच्या निळ्या चित्रफरशांपुढून जथ्याजथ्याने मैदानाकडे निघतात. मला फुटबॉलचे वेड माझ्या शेजाऱ्यांनी लावले. ते ऐंशी ओलांडलेले आहेत आणि १९६४ साली ऐन विशीत होते.

मोराइसचा कॉर्नर त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर समजावून सांगितला. बिकाचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा इवलासा कप हा गोलरक्षक, मीठ आणि मिरपूड यांच्या बाटल्या हे दोन खांब, आणि पावाच्या तुकड्याची बोटांनी वळून केलेली गोळी हा चेंडू. त्यांनी टेबलाच्या अगदी कोपऱ्यातून ती गोळी टिचकी मारून उडवली, पण ती कपावर आपटली. मग त्यांनी पुन्हा मारली, तीही चुकली. चौथ्या की पाचव्या खेपेला ती मिठाच्या बाटलीच्या आतल्या बाजूने गेली, तेव्हा त्यांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि त्यांच्या पत्नीने आतून विचारले, “गेला का एकदाचा?” साठ वर्षे त्या घरात हा गोल असाच होत आला आहे.

त्यांनी तो सामना रेडिओवर ऐकला होता. अंतिम सामना १३ मे १९६४ रोजी ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर झाला तेव्हा एवढ्या मोठ्या मैदानात जेमतेम ३,२०० प्रेक्षक होते, आणि एमटीके बुडापेस्टबरोबर ३-३ अशी बरोबरी झाली. दोन दिवसांनी, १५ मे रोजी, अँटवर्पला फेरसामना झाला आणि विसाव्या मिनिटाच्या सुमारास मोराइसने तो कॉर्नर घेतला. त्यानंतरची सत्तर मिनिटे आपण रेडिओसमोर उभेच होतो, बसलो नाही, असे शेजारी सांगतात.

अंकगणित

तेजूकाठची, आपला प्रतिसाद फार आवडला. जुना_प्रेक्षक यांच्या बारा सामन्यांच्या हिशेबापुढे मी माझे पहिले मत मागे घेतो. प्रतिस्पर्धी एमटीकेविषयीही वाचले : त्यांनी उपांत्य फेरीत सेल्टिककडून ग्लासगोत ०-३ असा मार खाल्ल्यावर बुडापेस्टला ४-० असा विजय मिळवला होता. म्हणजे अंतिम सामन्यातले दोन्ही संघ तीन-तीन गोलांची पिछाडी भरून काढून आलेले होते. तरीही मांडवीकाठ यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग शिल्लक राहतोच. पुढे काय झाले?

म्हापशेकर

पुढे काय झाले ते सांगण्याआधी थोडे मागे जाऊ या, कारण स्पोर्टिंगची युरोपातील कहाणी १९६४ पासून सुरू होत नाही. ४ सप्टेंबर १९५५ रोजी युरोपियन कपचा इतिहासातील पहिला सामना लिस्बनच्या राष्ट्रीय मैदानावर स्पोर्टिंग आणि बेलग्रेडचा पार्टिझान यांच्यात झाला, आणि या स्पर्धेतील पहिला गोल स्पोर्टिंगच्याच जुआंव मार्तिन्श याने केला. सामना ३-३ असा सुटला आणि परतीच्या सामन्यात पार्टिझानने ५-२ असा विजय मिळवला. त्या वर्षी पोर्तुगालचा विजेता बेन्फिका होता, पण पहिल्या वर्षी संघ निमंत्रणाने ठरले आणि निमंत्रण स्पोर्टिंगला मिळाले. त्याच ऑगस्टमध्ये बेलफास्टला ग्रेट ब्रिटनविरुद्ध युरोपचा निवडक संघ खेळला, त्यात स्पोर्टिंगचा त्राव्हासुश होता. असा मान मिळालेला तो पहिला पोर्तुगीज खेळाडू, आणि तेव्हापासून लोक त्याला ‘युरोपचा झे’ म्हणू लागले.

त्यामुळे ‘एका कॉर्नरवर उभा असलेला इतिहास’ हे शीर्षक मला अन्यायाचे वाटते. युरोपियन कपचे दार उघडणाऱ्यांत हा क्लब होता.

मांडवीकाठ

म्हापशेकर, तुमचे म्हणणे मान्य. शीर्षकात प्रश्नचिन्ह त्यासाठीच ठेवले आहे.

जुना_प्रेक्षक

आता १९७१ ची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. कप विनर्स कपच्या दुसऱ्या फेरीत ग्लासगो रेंजर्सने घरी ३-२ असा विजय मिळवला. लिस्बनला परतीच्या सामन्यात नव्वद मिनिटांनंतर स्पोर्टिंग ३-२ असे पुढे होते, म्हणजे एकूण ५-५. जादा वेळेत दोन्ही संघांनी एकेक गोल केला आणि सामना ४-३, एकूण ६-६ असा संपला. पंचांनी पेनल्टी शूटआउटचा आदेश दिला. गोलरक्षक व्हितोर दामास याच्यापुढे रेंजर्सचा निभाव लागला नाही, स्पोर्टिंग जिंकले आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला.

पण नियमाप्रमाणे परक्या मैदानावरील गोल जादा वेळेतही दुप्पट धरायचे होते. रेंजर्सचे लिस्बनमधले गोल तीन होते आणि स्पोर्टिंगचे ग्लासगोतले दोन. शूटआउट घ्यायचेच नव्हते! ही चूक दाखवून दिली गेली, निकाल फिरला आणि रेंजर्स पुढे गेले. त्याच हंगामात त्यांनी बार्सिलोनात डायनॅमो मॉस्कोला ३-२ असे हरवून हा करंडक जिंकला. निकाल नियमाप्रमाणे बरोबरच होता, तरी विजयाचा आनंद साजरा करून घरी परतलेल्या माणसाला सकाळी ‘आपण हरलो’ असे कळणे किती क्लेशकारक असेल, याचा विचार मनात येतोच.

तेजूकाठची

माझे शेजारी त्या सामन्याला मैदानावर होते. त्यांच्याशी मी हा विषय एकदाच काढला, पुन्हा कधी काढला नाही.

१९७४ चा प्रसंग मात्र ते आपणहून सांगतात. २४ एप्रिल १९७४ रोजी कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना खेळायला स्पोर्टिंगचा संघ पूर्व जर्मनीतल्या मागडेबुर्गला गेला होता. लिस्बनमध्ये १-१ अशी बरोबरी झाली होती, तिथे २-१ अशी हार झाली आणि अंतिम फेरी हुकली. दुसऱ्या दिवशी पहाटे इकडे लिस्बनच्या रस्त्यांवर रणगाडे आले आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुले खोवली गेली. जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात संपली. पराभूत संघ देशाबाहेर होता आणि देश बदलला होता. शेजारी म्हणतात की त्या आठवड्यात फुटबॉल हरल्याचे दुःख करायला त्यांना उसंतच मिळाली नाही.

रात्रपाळी

मी २००५ विषयी लिहितो, कारण तो अंतिम सामना मी पाहिला आहे आणि आजही तो मनातून जात नाही. त्या वर्षी यूएफा कपचा अंतिम सामना आल्वालादवर, म्हणजे स्पोर्टिंगच्या स्वतःच्या मैदानावर होणार हे आधीच ठरलेले होते. उपांत्यपूर्व फेरीत न्यूकॅसलकडून ०-१ असे हरून त्यांनी लिस्बनला ४-१ असा विजय मिळवला. उपांत्य फेरीत हॉलंडच्या एझेडविरुद्ध घरी २-१, आणि तिकडे जादा वेळेत ३-१ अशी पिछाडी. सामना संपत आला असताना मिगेल गार्सिया याने डोक्याने गोल केला आणि परक्या मैदानावरील त्या गोलाने स्पोर्टिंग अंतिम फेरीत पोहोचले. जुना_प्रेक्षक यांची १९७१ ची हकीकत वाचताना मला हेच आठवले : ज्या नियमाने एकदा हिरावले, त्याच नियमाने चौतीस वर्षांनी परत दिले.

१४ मे रोजी लीगमधल्या निर्णायक सामन्यात बेन्फिकाने लुइझांवच्या गोलाने स्पोर्टिंगला १-० असे हरवले आणि विजेतेपद हातचे गेले. चार दिवसांनी अंतिम सामना सीएसकेए मॉस्कोशी होता. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो, घरमालकांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला होता. अठ्ठाविसाव्या मिनिटाला रोजेरियोने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला तेव्हा मी उशी तोंडावर दाबून ओरडलो. उत्तरार्धात बेरेझुत्स्कीने बरोबरी साधली, झिरकोव्हने आघाडी मिळवून दिली. मग रोजेरियोचाच चेंडू खांबावर आपटला, आणि त्याच प्रतिहल्ल्यात व्हाग्नर लव्हने तिसरा गोल केला. बरोबरीपासून एका खांबाच्या अंतरावर असलेला संघ काही क्षणांत ३-१ असा मागे पडला. आवाज बंद असलेल्या टीव्हीवर स्तब्ध झालेले ते मैदान पाहणे ही फार विचित्र शांतता होती. युरोपीय करंडक जिंकणारा पहिला रशियन क्लब म्हणून सीएसकेएचे नाव नोंदले गेले, आणि ते त्या विजयाला पात्र होते. स्पोर्टिंग लीगमध्येही तिसऱ्या क्रमांकावर राहिले. आठ-दहा दिवसांत सगळे गेले.

निळा_ड्रॅगन

रात्रपाळी, त्या वर्षी पोर्तोचा चाहता असूनही मी स्पोर्टिंगच्या बाजूने होतो. आपल्या देशातला क्लब अशा वेळी आपलाच वाटतो, असे माझे पोर्तोतले सहकारी म्हणत, आणि मला ते पटले होते.

अंकगणित

आता कारणांकडे येऊ या. माझ्या मते मुख्य कारण खेळाडू विकणे हे आहे. फिगो १९९५ मध्ये बार्सिलोनाला गेला. क्रिस्तियानो रोनाल्डो १४ ऑगस्ट २००२ रोजी इंटरविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग पात्रता सामन्यात बदली खेळाडू म्हणून पहिल्यांदा उतरला आणि वर्षभरात मँचेस्टर युनायटेडला गेला. क्वारेस्मा, नानी, सगळ्यांची तीच वाट. जो क्लब जगातले सर्वोत्तम खेळाडू घडवतो आणि विशीच्या आतबाहेर विकतो, त्याने करंडक कसे जिंकायचे?

निळा_ड्रॅगन

हे कारण अपुरे आहे, कारण विकणे हाच पोर्तुगालमधल्या तिन्ही मोठ्या क्लबांचा व्यवहार आहे. पोर्तोने २००३ चा यूएफा कप, २००४ ची चॅम्पियन्स लीग आणि २०११ ची युरोपा लीग जिंकली, ती याच काळात आणि दर उन्हाळ्यात खेळाडू विकूनच. फरक असा की आमच्याकडे विकलेल्याच्या जागी कोण येणार हे आधी ठरलेले असे, आणि प्रशिक्षकाला त्याची पद्धत रुजवायला वेळ मिळत असे.

जुना_प्रेक्षक

निळा_ड्रॅगन यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मला आणखी एक कारण त्याहून मोठे वाटते. स्पोर्टिंगने १९८२ मध्ये लीग जिंकल्यावर पुढचे विजेतेपद २००० साली आले. मग २००२ आणि त्यानंतर थेट २०२१. म्हणजे एकदा अठरा आणि एकदा एकोणीस वर्षांचा दुष्काळ. युरोपियन कपमध्ये जाण्यासाठी अनेक वर्षे देशाचे विजेतेपदच लागत असे. १९८२-८३ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत रेआल सोसिएदादकडून बाहेर पडल्यावर या स्पर्धेत पुन्हा पाऊल ठेवायला क्लबला १९९७ उजाडले. वर्षानुवर्षे मोठ्या व्यासपीठावर उभेच राहायला मिळाले नाही, तर तिथे खेळण्याची सवय कुठून लागणार? २००९ मध्ये बायर्न म्युनिकने दोन सामन्यांत मिळून १२-१ असे हरवले, त्यामागे ही न लागलेली सवयही आहे असे मी मानतो. घरचे विजेतेपद आधी, युरोप नंतर.

अंकगणित

हे कारण माझ्या कारणापेक्षा भक्कम आहे. २०२१ च्या विजेतेपदानंतर लगेचच ते चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोहोचले, यावरूनही ते दिसते.

रात्रपाळी

तरी युरोपा लीगमध्ये संधी येत राहिल्या, हेही पाहिले पाहिजे. २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीला बाहेर काढून ते उपांत्य फेरीत पोहोचले, आथलेटिक बिल्बाओला लिस्बनमध्ये २-१ असे हरवले आणि तिकडे अखेरच्या काही मिनिटांत योरेंतेच्या गोलाने ३-१ असे हरून बाहेर पडले. २०२३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर पेद्रो गोन्साल्विशने जवळपास मध्यरेषेवरून मारलेला गोल आणि नंतरचा पेनल्टीवरचा विजय मी मुलासोबत पाहिला. या वेळी आवाज पूर्ण मोठा ठेवला होता.

म्हापशेकर

आणि ५ नोव्हेंबर २०२४! मँचेस्टर सिटीने चौथ्याच मिनिटाला गोल केला, तरी स्पोर्टिंगने ४-१ असा विजय मिळवला आणि ग्योकेरेशने तीन गोल केले. प्रशिक्षक रुबेन आमोरीम यांचा आल्वालादवरचा तो निरोपाचा सामना होता आणि ते निघाले होते मँचेस्टर युनायटेडला, म्हणजे १९६४ मध्ये लिस्बनमध्येच ५-० असा मार खाऊन गेलेल्या क्लबाकडे.

शाहूनगरी

मोराइसविषयी एक गोष्ट या धाग्यात अजून कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहितो. १९६६ च्या विश्वचषकात लिव्हरपूलला पोर्तुगाल आणि ब्राझील यांच्यातील सामन्यात पेलेला ज्याने निर्दयपणे पाडले, तो हाच मोराइस. त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे, म्हणून पेले लंगडत मैदानावर राहिला आणि ब्राझील ३-१ असे हरून स्पर्धेबाहेर गेले. जगभर त्या एका धसमुसळ्या टॅकलसाठी मोराइसचे नाव घेतले जाते आणि लिस्बनच्या हिरव्या बाजूला एका कॉर्नरसाठी. मी त्या टॅकलचे समर्थन करणार नाही, तो नियमाबाहेरचा आणि वाईट खेळ होता. परंतु मी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतो, आणि त्यांना मी दोन्ही गोष्टी सांगतो, कारण पाय तेच होते.

मांडवीकाठ

शाहूनगरी, हे मला माहीत नव्हते. चुलत आजोबांनी मोराइसचे नाव घेताना पेलेचा उल्लेख कधी केला नाही, आणि आता त्यांना विचारता येणार नाही.

माझ्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मला मिळाले. बारा सामने खेळून, युनायटेडला पाच गोल घालून आलेला तो संघ योगायोगाने जिंकला नव्हता, आणि यापुढे कोणी तसे म्हटले तर मी हा धागा त्याच्यापुढे ठेवीन. दुसऱ्या भागावर जुना_प्रेक्षक यांचे कारण मला सर्वांत जवळचे वाटते, तरी २००५ च्या त्या खांबाला कोणतेच कारण पुरत नाही.

तेजूकाठची, एक विनंती आहे. आपल्या शेजाऱ्यांना इलारियोविषयी विचाराल का? तो नसताना संघ कसा खेळला, याविषयी त्यांना काय आठवते?

तेजूकाठची

आज संध्याकाळीच विचारले. ते म्हणाले की अँटवर्पच्या फेरसामन्यात शेवटची दहा मिनिटे एमटीकेचा चेंडू डाव्या बाजूने आला की ते रेडिओला हात जोडून “इलारियो, इलारियो” म्हणत होते. तो त्या दिवशी मैदानावर नाही, पाय प्लास्टरमध्ये आहे, हे ठाऊक असूनही.

मग त्यांनी पावाचा तुकडा घेतला आणि मिठाची बाटली जागेवर ठेवली.